जुना ट्रक उभा करायचाय? आधी तो कोण आहे ते शोधा

जुना ट्रक दुरुस्त करून पुन्हा पहिल्यासारखा उभा करायला घेतलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न हमखास रंगाचा असतो. ‘बॉनेटला कुठला लाल मारू?’ अहो, रंगाला अजून दोन वर्षं आहेत. त्याआधी निदान एक महिना हातात पाना न धरता नुसतं मोजण्यात, फोटो काढण्यात आणि चौकशीत घालवायचा असतो. हा महिना वाचवणाऱ्यांच्या गाड्या अर्ध्या खोललेल्या अवस्थेत ताडपत्रीखाली पडलेल्या असतात. माझीही दोन पावसाळे तशीच पडली होती.

मोटारीचं काम त्या मानानं सरळ. कारखान्यातून जशी निघाली तशी करायची. ट्रकचं तसं नाही. त्या काळी कारखाना बहुतेक वेळा विकायचा ती नुसती चासी: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पुढचा पत्र्याचा दर्शनी भाग. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला ड्रायव्हर ती उघडी चासी शेकडो मैल चालवत आणायचा आणि मग गावातला बॉडीवाला तिच्यावर लाकडी केबिन, हौदा, फाळके चढवायचा. पुढं आयुष्यभर मालक बदलले, इंजिन बदललं, हौद्याच्या जागी टाकी बसली. तेव्हा ‘ओरिजिनल करायचाय’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठल्या सालचा ओरिजिनल? हे उत्तर ठरल्याशिवाय एकही नट खोलू नका.

शोधायचा कुठं

जाहिरातींत फारसं काही मिळत नाही. जुने ट्रक माल वाहायचं सोडून देतात तेव्हा ते मरत नाहीत, धंदा बदलतात. पुण्याजवळ वाघोली, धानोरी, फुरसुंगीकडं पाण्याचे टँकर बघा. खडीच्या खाणी, वीटभट्ट्या, साखर कारखान्यांची आवारं, बोअरवेलची यंत्रं, गॅरेजमागं उभी असलेली क्रेन बघा. टाकीखालची चासी कधी कधी टाकीच्या मालकापेक्षा वयानं मोठी निघते. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत जुन्या मेस्त्रींशी चहा प्या. कुठली गाडी कुठल्या शेतात उभी आहे हे त्यांना पाठ असतं.

लष्कराच्या गाड्यांचं आकर्षण पुण्यात खडकी-देहूरोडमुळं जास्त. जबलपूरच्या कारखान्यात मॅन कंपनीच्या परवान्यानं बनलेला शक्तिमान, एक टनी निसान हे लिलावातून बाहेर पडतात. दणकट गाड्या, पण कागदांचं काम वेगळं आणि किचकट. लिलावाची मूळ पावती आणि सोडपत्र हातात नसेल तर पैसे देऊ नका.

महापालिकेच्या किंवा एसटीच्या जुन्या ट्रकवर डोळा असेल तर तो विसरा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि निमसरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या मान्यताप्राप्त भंगार केंद्रातच जातात.

आणि पहिलीच गाडी असेल तर सहा चाकी घेऊच नका, असं माझं मत. पुण्याची स्वतःची परंपरा छोट्या गाड्यांची आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पोनं हॅन्सिएट ही तीन चाकी बनवली. कारखाना पुढं आकुर्डीला आला, कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा मुरला की आता कुठल्याही कंपनीच्या गाडीला आपण टेम्पोच म्हणतो. हॅन्सिएट किंवा मॅटॅडोर शेडमध्ये मावते आणि तिचं इंजिन दोन माणसं आणि एक चेन-ब्लॉक यांनी निघतं. मोठ्या ट्रकचं इंजिन पाचशे किलोच्या आसपास असतं. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात मीटरचा ट्रक उभा केलात तर कमिटीची मीटिंग तुमच्याशिवाय भरेल.

तरीही ट्रकच हवा असेल, तर पुढं वाचा.

ओळख पटवणं

सुरुवात चासी नंबरपासून. तो बहुतेक ट्रकला चासीच्या उजव्या बाजूवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. त्यावर पन्नास वर्षांचं ग्रीस, रंग आणि चिखल बसलेला असतो. रॉकेल, पेंट रिमूव्हर, पितळी ब्रश आणि सबुरी एवढंच वापरा. ग्राइंडर लावायचा नाही, पॉलिश पेपरही नाही. घासून पुसट झालेला नंबर म्हणजे तुम्हीच नंबर खोडल्यासारखं दिसतं, आणि पोलिसांना ते समजावणं अवघड. स्वच्छ झाला की वर खडू फिरवा, तिरका उजेड टाकून फोटो घ्या आणि कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढा. आरटीओत याला चासी प्रिंट म्हणतात; पुढं ती लागतेच.

मग आरसी बुक उघडा. जुन्या बुकात नुसते नंबर नसतात. सिलिंडर किती, घनक्षमता किती, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर किती, रिकामं वजन किती हेही लिहिलेलं असतं. हे आकडे गाडीवर पडताळायचे. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा. टाटांच्या मॉडेलच्या नावातच बरंच लिहिलेलं असतं: १२१० म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती, आणि तिरक्या रेघेपुढं ४२ असेल तर व्हीलबेस सुमारे ४.२ मीटर. नावातली अक्षरं जर्मनीहून आलीत. एलपीकेमधला ‘के’ म्हणजे किपर, आपला टिपर. ‘ओ’ म्हणजे ऑम्निबस. ‘एस’ म्हणजे ट्रेलर ओढणारा. पुस्तकात ३६ आणि टेपवर ४.८ मीटर आले, तर चासी कुणीतरी कापून लांब केलेली आहे. जोड शोधा. आतून पट्टी मारून वेल्डिंग केलेलं हाताला लागतं.

इंजिनाचं थोडं विस्तारानं सांगतो, कारण नवखा इथंच फसतो. टाटांच्या इंजिनाच्या नंबरचा अर्थ साधा आहे: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९२ मिलिमीटर, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर ९७. जर्मन सहकार्याच्या काळातलं ओएम ३१२ दिसायला याच घराण्यातलं, पण बोअर ९० आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) १२०. हेड काढल्यावर बोअर मोजा. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, तळाशी मोजा, कारण वरच्या भागात झिजेनं आकडा फुगतो. सेंटिमीटरमध्ये बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरची संख्या. ९० बाय १२० चे ४५८० सीसी येतात, ९२ बाय १२० चे ४७८८ च्या आसपास आणि ९७ बाय १२८ चे ५६७५. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. पुस्तकातल्या आकड्याला दिसतो.

माझी गाडी वाघोलीकडच्या एका टँकरवाल्याकडून घेतलेली. नाकवाली, जाळीवर मर्सिडीजचा तारा, पुस्तकात साल १९६८. डेमलर-बेंझशी टाटांचं सहकार्य १९५४ ते १९६९, त्यानंतर ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला, म्हणजे तारा आणि साल जुळत होते. मी खूश. बोअर मोजला तर ९७ भरला आणि पुस्तकातली क्षमता काही केल्या जमेना. मग जुन्या मालकाला खोदून विचारलं. इंजिन मधल्या काळात बदललेलं, आणि तो तारा? तो त्यानं हौसेनं जुन्या बाजारातून आणून लावला होता. तेव्हापासून जाळीवरच्या बिल्ल्यावरून गाडीचं साल सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. चासी मात्र अस्सल निघाली, म्हणून वाचलो.

टाटांपलीकडची नावं भेटली तर ढोबळ खुणा अशा. अशोक लेलँडच्या कॉमेट मद्रासच्या एन्नोरच्या. डॉज आणि फार्गो मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरनं जोडलेले. त्यात पर्किन्सचं पी-६ दिसलं तर बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १२७ मिलिमीटर, कारण ते इंचात आखलेलं इंजिन आहे: साडेतीन बाय पाच. बेडफर्ड हिंदुस्तान मोटर्सच्या, बंगालमधल्या. या इंग्लिश-अमेरिकन वंशाच्या गाड्यांना नट-बोल्ट इंची मापाचे असतात. मिलिमीटरचे पाने लावून डोकी गोल करू नका. इंची पाने जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अजून मिळतात.

नंबर प्लेटसुद्धा बोलते. महाराष्ट्र होण्याआधीचे मुंबई राज्याचे नंबर ‘बी’नं सुरू व्हायचे, नंतरचे ‘एम’नं, एमएच-१२ किंवा एमएच-१४ असेल तर तो १९८९ नंतर मिळालेला नंबर. गाडी त्याहून जुनी असेल तर मधे पुनर्नोंदणी झाली आहे. तिचे कागद मागा.

कागद: इथं थोडं थंड पाणी

बरेच जण सांगतात, ‘पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए मालिकेचा नंबर येतो.’ अर्धं खरं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची दुचाकी आणि खासगी वापराची चारचाकी. नव्या नोंदणीला वीस हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार. त्या व्याख्येत मालवाहू ट्रक बसत नाही. तुमचा ट्रक १९५५ चा असला तरी कायद्याच्या नजरेत तो म्हातारा मालट्रकच, आणि रस्त्यावर यायचं तर फिटनेस, विमा, कर, पीयूसी सगळं मालट्रकासारखं. दिल्लीतली डिझेल गाड्यांची दहा वर्षांची अट पुण्याला लागू नाही, पण फिटनेसची कटकट आहेच.

म्हणून सौदा करण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत एक चक्कर मारा आणि चार गोष्टी विचारा. नोंदणी जिवंत आहे की रद्द? गाडीवर कर किंवा दंड थकलाय का? कर्जाचा बोजा उतरलाय का? संगणकात नोंद आहे का? जुन्या गाड्यांच्या नोंदी कित्येकदा रजिस्टरातच राहिलेल्या असतात आणि त्यांची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्यात महिने जातात. इंजिन बदललेलं असेल तर ती नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करून घ्यायची असते. पावती नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी महाग. काम चालू असेपर्यंत गाडी शेडमध्येच राहणार असेल तर आरटीओला ‘नॉन-यूज’, म्हणजे गाडी वापरात नाही हे, आधी कळवायचं. नंतर कळवून उपयोग नाही.

नोंदणी रद्द झालेली गाडी सुटे भाग म्हणून घ्या, ट्रक म्हणून नको.

घरी आणणं

लो-बेड ट्रेलरवर. टोइंगची दोरी बांधून, ब्रेक नसलेला पाच टनांचा ट्रक दिवे घाटातून उतरवण्याची कल्पना तुमच्या मित्राला सुचेल. तो मित्र खर्च वाचवत नाहीये.

इंजिन फिरवण्याआधी

वर्षानुवर्षं उभं असलेलं डिझेल इंजिन बॅटरी लावून सेल्फ मारायचं नाही. पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असू शकतात. डिझेल फवारणारे सगळे नोझल काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि पातळ ऑइल ओता, दोन-तीन दिवस राहू द्या. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं थोडं पुढं, थोडं मागं. अडलं तर आणखी ऑइल, आणखी दोन दिवस. लांब पाइप लावून जोर काढलात तर रिंग तुटते आणि लायनर ओरबाडला जातो.

जुनं इंजिन ऑइल काढताना बघा. दुधासारखं पांढरट आलं तर पाणी मिसळलंय: हेड गॅस्केट, लायनर किंवा ब्लॉकला तडा. टँकरवाले आपल्याच टाकीतलं बोअरचं जड पाणी रेडिएटरला घालत आलेले असतात, त्यामुळं ब्लॉकच्या आत चुन्याचा थर बसलेला असतो. कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या, काढून आतून धुवा. नुसता रेडिएटर साफ करून इंजिन गरम व्हायचं थांबत नाही.

डिझेलची टाकी पूर्ण उतरवून धुवा. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप काढून तो दुरुस्त करणाऱ्याकडं न्या. त्यावर मायको या पंप बनवणाऱ्या कंपनीची पट्टी असेल तर तिच्यावरच्या नंबराचा फोटो आधी काढा, कारण पंप कुठल्या इंजिनासाठी बनला हे तो नंबर सांगतो. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक जेमतेम दहा पीपीएम. जुन्या पंपांतले कडक झालेले रबरी सील त्यावर पाझरायला लागतात. सील बदलूनच घ्या.

आणि पहिल्यांदा चालू करताना हवेच्या नळीच्या तोंडावर दाबून धरता येईल एवढी लाकडी फळी हातात घेऊन एक माणूस उभा ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला किंवा इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊ लागलं तर ते सुसाट सुटतं, चावी काढून थांबत नाही. हवा तोडली की थांबतं. फळीच, हात नाही.

ब्रेक आणि चाकं

ड्रम उघडले की आतला करडा भुगा दिसेल. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. कॉम्प्रेसरनं फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधला पोरगा हसेल, हसू दे. व्हील सिलिंडरचे वॉशर नवे, होज पाइप नवे, लायनर नवे. यात कुठंही जुन्याचा मोह नको.

९.००-२० सारख्या जुन्या टायरांच्या रिमा दोन-तीन तुकड्यांच्या असतात, बाजूला लॉक रिंग. याच कामात माणसं मेली आहेत. हवा असताना नीट न बसलेली रिंग सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. नट सैल करण्याआधी वाल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. मागं जोडचाक असेल तर आतल्या टायरचीसुद्धा. गंजलेली किंवा वाकलेली रिंग परत वापरायची नाही. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, माणूस बाजूला, आणि भरलेल्या चाकावर हातोडा कधीच नाही. हे काम मी स्वतः करत नाही. पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडं नेतो.

चासी, हौदा, रंग

चासी घासून झाली की हातोडीनं रिव्हेट ठोकत जा. बसका आवाज आला तिथला रिव्हेट सैल. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळयांच्या) कोपऱ्यांत तडे शोधा. चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग करू देऊ नका, पुढचा तडा बरोबर त्याच्या शेजारी येतो. भोसरीत लेथवाले आणि फॅब्रिकेशनवाले भरपूर. पण जुन्या चासीवर काम केलेला माणूस शोधा, मशीन चकचकीत आहे म्हणून जाऊ नका. भंगारातून सुटे भाग शोधणाऱ्यांचा पिंपरी-चिंचवडमधली कुदळवाडी हा मोठा आधार होता. फेब्रुवारी २०२५ च्या कारवाईत तिथली गोदामं पाडली गेली आणि व्यापारी पांगले. आता फोनवर विचारून मगच जावं लागतं.

लाकडाला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वाळलेलं लाकूड मागा. ओलं लावलंत तर पहिल्याच उन्हाळ्यात फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडतात. जुनी केबिन कितीही सडलेली असली तरी मोडून फेकू नका. सुताराला तीच मापाला लागते, कारण तिचा नकाशा कुठंच नसतो.

पत्र्याचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असतं. ओल्या पेपरनं घासा. प्रायमरचं काम जून ते सप्टेंबर सोडून करा. पुण्यातल्या पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रीतून गंज धरतो आणि वर मारलेला रंग दोन वर्षांत फुगतो.

आता अक्षरं, आणि इथं सुरुवातीचा प्रश्न परत येतो: कुठल्या सालचा? १९३९ च्या कायद्यात पब्लिक कॅरिअर आणि प्रायव्हेट कॅरिअर असा भेद होता, १९८८ च्या कायद्यात तो गेला. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातला ट्रक करत असाल तर कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ शोभेल, ‘गुड्स कॅरिअर’ नाही. मागच्या फाळक्यावरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर मात्र महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. हातानं अक्षरं काढणारे पेंटर कमी राहिलेत. सापडला तर घाई करू नका, त्याच्या सवडीनं घ्या. स्टिकर लावलात तर दोन वर्षांची मेहनत लांबूनच खोटी दिसते.

पहिली फेरी

रविवारी पहाटे, रिकामा हौदा, सपाट रस्ता. जुन्या गिअरबॉक्सला डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. ते मोकळ्या मैदानात आधी शिकून घ्या. दर पाच किलोमीटरला थांबा आणि चारही हब हातानं चाचपा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतोय. तिथूनच परत फिरा. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे सगळे नट पुन्हा आवळा, पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्टसुद्धा. नवा रंग नटाखाली दबतो आणि नट आपोआप सैल होतो.